नवे खासदार संसदेत गेले. आता आपल्या पिकाचा प्रश्न त्यांच्या हातात कसा द्यायचा?



२४ आणि २५ जून २०२४ रोजी अठराव्या लोकसभेच्या सदस्यांनी शपथ घेतली. ५४३ पैकी निम्म्याहून अधिक सदस्य पहिल्यांदाच लोकसभेत आले. आपल्या कांदा पट्ट्यातही चेहरे बदलले. दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार यांचा पराभव करून भास्कर भगरे निवडून आले. नाशिकमधून राजाभाऊ वाजे आणि अहमदनगरमधून (आताचे अहिल्यानगर) निलेश लंके दिल्लीला गेले. या भागातल्या प्रचारात कांद्याची निर्यातबंदी हा मोठा मुद्दा होता.

संसदेत नवे सदस्य येण्याचे काम पाच वर्षांतून एकदाच होते असे नाही. राज्यसभेचे सुमारे एक-तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. एखाद्या सदस्याचे निधन झाले तर पोटनिवडणूक होते. नांदेडचे खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये अशी निवडणूक झाली. राष्ट्रपतीही राज्यसभेवर काही सदस्य नेमतात. जुलै २०२५ मध्ये नेमलेल्या चार जणांत जळगावचे असलेले वकील उज्ज्वल निकम आहेत.

मत देऊन झाले, खासदार दिल्लीला गेला, आता पुढे काय, हा आपला खरा प्रश्न आहे. नवा खासदार कांद्याचा भाव ठरवू शकत नाही. पण योग्य मंत्रालयाला, योग्य वेळी, मोजमाप असलेला प्रश्न विचारून तो सरकारला लेखी उत्तर द्यायला लावू शकतो. तो प्रश्न बांधावरूनच जायला हवा. तो कसा पाठवायचा, ते या लेखात पाहू.

निर्णय कुठे होतो? कांद्याचे उदाहरण

मागच्या काही वर्षांतले कांदा निर्यातीचे निर्णय तारखांसह पाहा:

- १९ ऑगस्ट २०२३: निर्यातीवर ४० टक्के शुल्क. उन्हाळ कांदा तेव्हा चाळीत होता.
- २८ ऑक्टोबर २०२३: किमान निर्यात मूल्य टनाला ८०० डॉलर.
- ८ डिसेंबर २०२३: ३१ मार्च २०२४ पर्यंत निर्यातबंदी. लाल कांद्याची आवक सुरू होती.
- २२ मार्च २०२४: बंदी पुढील आदेशापर्यंत वाढवली. उन्हाळ कांदा काढणीला आला होता.
- ४ मे २०२४: बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले.
- १३ सप्टेंबर २०२४: किमान निर्यात मूल्य काढले, शुल्क २० टक्क्यांवर आणले.
- २२ मार्च २०२५: १ एप्रिलपासून २० टक्के शुल्कही रद्द करण्याचा निर्णय जाहीर.

यातला प्रत्येक निर्णय सरकारी अधिसूचनेने लागू झाला. संसदेत आधी मतदान घेऊन यातला एकही निर्णय आलेला नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. या सात तारखांपैकी फक्त दोन वेळा, म्हणजे डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२५ मध्ये, संसदेचे अधिवेशन चालू होते. बाकी पाच वेळा सभागृह बंद होते.

म्हणून 'आमच्या खासदाराने बंदी का थांबवली नाही?' असे विचारताना आधी हे समजून घ्यावे, की बंदीवर मत देण्याची संधी त्याला मिळालीच नव्हती. पण यावरून खासदार निरुपयोगी आहे असेही समजू नये. अधिसूचना काढणाऱ्या मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावे लागते. अधिवेशन नसताना खासदार मंत्र्याला पत्र देऊ शकतो आणि शिष्टमंडळ घेऊन भेटू शकतो. त्याचे हे अधिकार आपण नीट वापरून घेतले पाहिजेत.

खासदाराच्या हातात काय आहे?

राज्यघटनेच्या ९९ व्या कलमानुसार शपथ घेतल्याशिवाय सदस्याला सभागृहात बसता येत नाही. शपथ न घेता बसला किंवा मत दिले तर १०४ व्या कलमानुसार दर दिवशी ५०० रुपये दंड आहे. शपथ झाली की त्याला पुढील गोष्टी करता येतात:

१. तारांकित प्रश्न. मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न यादीत येतात, पण वेळेअभावी त्यातले थोडेच प्रत्यक्ष विचारले जातात.

२. अतारांकित प्रश्न. उत्तर लेखी मिळते. लोकसभेत दिवसाला असे २३० प्रश्न यादीत घेता येतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा प्रकार जास्त उपयोगी आहे. आकडे कागदावर येतात आणि ते उत्तर संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते.

३. शून्य प्रहर. गारपीट, अवकाळी पाऊस, भाव कोसळणे असे तातडीचे विषय यात मांडता येतात.

४. नियम ३७७. लोकसभेत मतदारसंघाचा विषय थोडक्यात मांडायचा. संबंधित मंत्रालयाकडून त्यावर लेखी उत्तर मिळू शकते.

५. खासगी विधेयक. मंत्री नसलेला सदस्यही विधेयक मांडू शकतो. मात्र १९५२ पासून अशी फक्त १४ विधेयके कायदा झाली आणि शेवटचे १९७० मध्ये. राजू शेट्टी यांनी २०१८ मध्ये हमीभाव आणि कर्जमुक्तीची दोन खासगी विधेयके लोकसभेत मांडली होती. तीही मंजूर झाली नाहीत. खासगी विधेयकाने चर्चा घडते. 'विधेयक मांडले' म्हणजे 'कायदा झाला' असे मात्र समजू नका.

तुमचा खासदार मंत्री झाला असेल तर तो सभागृहात प्रश्न विचारत नाही, उत्तरे देतो. पुण्याचे मुरलीधर मोहोळ पहिल्यांदाच खासदार झाले आणि लगेच सहकार खात्याचे राज्यमंत्रीही झाले. अशा वेळी निवेदन थेट मंत्र्याला द्यावे आणि प्रश्न विचारण्यासाठी शेजारच्या मतदारसंघातल्या किंवा राज्यसभेतल्या सदस्याकडे जावे.

प्रश्न कोणत्या मंत्रालयाचा?

इथेच सर्वाधिक चूक होते. शेतीचा प्रश्न म्हणून सगळी निवेदने कृषिमंत्र्यांच्या नावाने जातात. उत्तर येते, 'हा विषय या मंत्रालयाशी संबंधित नाही.' अधिवेशन संपते आणि प्रश्न तिथेच राहतो. म्हणून आधी हे पाहा:

- कांद्याची सरकारी खरेदी आणि राखीव साठा (नाफेड व एनसीसीएफमार्फत): ग्राहक व्यवहार विभाग
- निर्यातबंदी, किमान निर्यात मूल्य, द्राक्ष-डाळिंब निर्यात, अपेडा: वाणिज्य मंत्रालय
- आयात-निर्यात शुल्क (खाद्यतेल, कापूस, कांदा): अर्थ मंत्रालय
- कापूस खरेदी, सीसीआय केंद्रे: वस्त्रोद्योग मंत्रालय
- साखर, इथेनॉलसाठी साखर वळवणे, उसाची एफआरपी: अन्न व सार्वजनिक वितरण विभाग
- युरिया, डीएपीचा पुरवठा: रसायन व खते मंत्रालय
- दूध, पशुधन, लसीकरण: मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय मंत्रालय
- सोयाबीन, तूर, हरभऱ्याची हमीभावाने खरेदी, पीक विम्याचे केंद्रीय निकष, पीएम-किसान, कीडनाशकांची नोंदणी: कृषी मंत्रालय
- मालगाडी, किसान रेल्वे: रेल्वे मंत्रालय

काही विषय दिल्लीचे नाहीतच. शेती, पाणी आणि बाजार हे घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्य सूचीत आहेत. बाजार समितीचा सेस, अडत, हमाली, तोलाई, कृषिपंपाची वीज, पंचनामे आणि राज्याची मदत यासाठी आमदार आणि राज्य सरकार गाठावे.

पीक विम्यात दोघांचाही वाटा आहे. योजनेचे मूळ निकष केंद्राचे आहेत, पण खरीप २०२३ पासून एका रुपयात विमा देण्याचा निर्णय राज्याचा होता आणि खरीप २०२५ पासून तो बंद करण्याचाही. आता खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५ टक्के आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हिस्सा शेतकऱ्याने भरायचा आहे. भरपाईही आता पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर ठरते. हा बदलही राज्याने केला. त्यामुळे 'गारपिटीची वैयक्तिक भरपाई का नाही?' हा प्रश्न खासदारापेक्षा आमदाराकडे आधी न्यावा लागेल.

संसदेचाही हंगाम असतो

पेरणीची वेळ चुकली की बियाणे चांगले असूनही पीक साधत नाही. प्रश्नाचेही तसेच आहे. साधारणपणे वर्षात तीन अधिवेशने होतात:

- अर्थसंकल्पी: जानेवारीअखेर ते एप्रिल, मध्ये सुट्टी
- पावसाळी: जुलै-ऑगस्ट
- हिवाळी: नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर

मंत्रालयांचे पाच गट करून प्रत्येक गटाला आठवड्यातला एक वार दिलेला असतो. प्रश्नाची सूचना त्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. सूचना खूप येतात, म्हणून चिठ्ठ्या काढून प्रश्न निवडले जातात. यामुळे तुमचा कागद खासदाराच्या कार्यालयात अधिवेशनाच्या महिनाभर आधी पोहोचला पाहिजे.

आता हे पिकाच्या वेळापत्रकाशी जोडून पाहा. सोयाबीनची काढणी सप्टेंबरअखेर सुरू होते. २०२४ च्या खरिपात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असल्याने अनेकांचा माल परत गेला. केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली नोव्हेंबरमध्ये. तोवर ज्यांना दिवाळीला आणि रब्बीच्या पेरणीला पैसा हवा होता, त्यांनी माल व्यापाऱ्याला देऊन टाकला होता. हिवाळी अधिवेशन सुरू झाले २५ नोव्हेंबरला.

यावरून धडा असा, की काढणीचा प्रश्न काढणीच्या आधीच्या अधिवेशनात विचारावा लागतो:

- सोयाबीन खरेदी केंद्रे, बारदाना, ओलावा: पावसाळी अधिवेशन (कागद जूनमध्ये द्या)
- कापूस खरेदी, सीसीआय केंद्रे: पावसाळी अधिवेशन
- तूर-हरभरा खरेदी, उन्हाळ कांद्याची निर्यात: हिवाळी अधिवेशन (कागद ऑक्टोबरमध्ये द्या)
- खरिपाचे खत, बियाणे, पीक कर्ज: अर्थसंकल्पी अधिवेशन (कागद जानेवारीत द्या)

प्रश्न कसा लिहावा?

लोकसभेच्या नियमानुसार प्रश्न साधारण १५० शब्दांच्या आत हवा. त्यात मत, आरोप किंवा भाषण चालत नाही. माहिती मागावी लागते.

*असा नको:* 'कांदा उत्पादक उद्ध्वस्त झाला आहे, सरकार काय करणार आहे?'

याला 'सरकार शेतकऱ्यांच्या हितासाठी कटिबद्ध आहे' असे उत्तर येते आणि विषय संपतो.

*असा हवा* (ग्राहक व्यवहार विभागासाठी):
(अ) चालू वर्षी राखीव साठ्यासाठी नाशिक जिल्ह्यात किती टन कांदा, किती केंद्रांवर, कोणत्या तारखांदरम्यान आणि कोणत्या दराने खरेदी झाला?
(आ) त्यातला किती थेट शेतकऱ्यांकडून घेतला आणि किती शेतकऱ्यांच्या बँक खात्यात पैसे जमा झाले?
(इ) साठ्यातला कांदा कोणत्या महिन्यात, कोणत्या शहरांत आणि किती उतरवला?
(ई) साठवणुकीत किती टक्के घट आली?

अशा प्रश्नाला आकड्यात उत्तर द्यावे लागते. (इ) चे उत्तर हाती आले, की त्याच दिवसांतले लासलगाव-पिंपळगावचे लिलावाचे दर शेजारी मांडा. सरकारी कांदा बाजारात उतरल्यावर आपला दर पडला की नाही, हे तुम्हालाच दिसेल. पुढचा प्रश्न त्यातूनच निघेल.

सोबत पुरावा जोडा. गावातल्या १५-२० शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या, विक्रीची तारीख, क्विंटल, दर, हमाली-तोलाई-भाड्याची कपात आणि हाती आलेली रक्कम असा एका पानाचा तक्ता करा. दोन हजार सह्यांच्या निवेदनापेक्षा असा तक्ता नव्या खासदाराच्या जास्त कामाचा आहे, कारण सभागृहात उभे राहून तो त्यातले आकडे वाचू शकतो.

समिती: न दिसणारे काम

कृषी, पशुसंवर्धन व अन्नप्रक्रिया विषयांची एक संसदीय स्थायी समिती असते. तिच्यात लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ पर्यंत सदस्य असतात. ती अधिवेशन नसतानाही बैठका घेते, अधिकाऱ्यांना बोलावते आणि खात्याला मिळालेला पैसा खर्च झाला का, हे तपासते. चरणजित सिंग चन्नी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने डिसेंबर २०२४ मध्ये पीएम-किसानची रक्कम वर्षाला ६,००० वरून १२,००० रुपये करण्याची आणि हमीभावाला कायद्याचा आधार देण्याची शिफारस केली.

शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. पण ती मान्य केली की नाही आणि का, हे सरकारला समितीला कळवावे लागते. तुमचा खासदार कोणत्या समितीवर आहे, ते विचारून घ्या. तो वाणिज्य किंवा अर्थविषयक समितीवर असेल तर निर्यात आणि शुल्काचा विषय तिथेही नेता येतो.

जिल्ह्यातही एक जागा आहे. जिल्हा विकास समन्वय व संनियंत्रण समिती, जिला 'दिशा' समिती म्हणतात, तिचे अध्यक्ष लोकसभेचे खासदार असतात आणि जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. दर तीन महिन्यांनी बैठक अपेक्षित आहे. पीक विमा, सिंचन, रोजगार हमी, ग्रामसडक अशा केंद्राच्या योजनांचा आढावा इथे होतो. मागची बैठक कधी झाली, इतिवृत्त काय, पुढची कधी, हे तिन्ही प्रश्न तुम्ही विचारू शकता. रखडलेल्या विमा भरपाईसाठी दिल्लीपेक्षा ही बैठक जवळची आहे.

खासदार निधीतून काय मागावे?

प्रत्येक खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांच्या कामांची शिफारस करता येते. पैसे त्याच्या हातात येत नाहीत. तो काम सुचवतो आणि जिल्हा प्रशासन ते करून घेते. वैयक्तिक लाभाची कामे, म्हणजे एकाच्या शेतातले शेततळे किंवा एकाची कांदा चाळ, यात बसत नाहीत. सार्वजनिक आणि टिकाऊ काम मागावे.

राष्ट्रपतींनी नेमलेले सदस्य आपल्या कामाचे आहेत का?

घटनेच्या ८० व्या कलमानुसार राष्ट्रपती राज्यसभेवर १२ सदस्य नेमू शकतात. साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा ही चार क्षेत्रे त्यात दिली आहेत. शेतीचे नाव वेगळे नाही. तरी शेतीतली माणसे या वाटेने गेली आहेत. पंजाबचे शेतकरी नेते भूपिंदर सिंग मान १९९० मध्ये नेमले गेले. कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन २००७ ते २०१३ या काळात नियुक्त सदस्य होते. शरद जोशी २००४ ते २०१० राज्यसभेत होते, पण ते महाराष्ट्रातून निवडून गेले होते.

स्वामिनाथन यांनी महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचे खासगी विधेयक राज्यसभेत मांडले होते. शेतात राबणाऱ्या बाईच्या नावावर जमीन नसली तरी तिला शेतकरी मानावे, असा त्याचा गाभा होता. २०१३ मध्ये त्यांची मुदत संपली आणि विधेयकही तिथेच थांबले. प्रश्न मात्र संपलेला नाही. महाराष्ट्रात एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो आणि तो सातबाऱ्याशी जोडलेला आहे. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या भगिनी आणि बटाईने शेती करणारे यांची नोंद कशी होणार, हे विचारायला आजही सदस्य हवा आहे.

नियुक्त सदस्याला मतदारसंघ नसतो, पण प्रश्न विचारण्याचा हक्क तोच असतो. खासदार निधीही तो देशातल्या कोणत्याही जिल्ह्यात सुचवू शकतो. पुन्हा निवडून येण्याची चिंता नसल्याने दीर्घ पल्ल्याचा प्रश्न तो घेण्याची शक्यता जास्त असते.

कृषी विस्तार कार्यकर्त्यांसाठी

सरकारी सेवेत असाल तर राजकीय निवेदनावर सही करू नका. पण पीक कापणी प्रयोगाचे आकडे, पर्जन्यमापकाच्या नोंदी, पेरणी क्षेत्र आणि पंचनाम्यांची संख्या यातली जी माहिती नियमाने देता येते, ती गटाला वेळेत द्या. शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्यांच्या बैठकीत वर्षातून तीनदा, अधिवेशनाच्या दीड महिना आधी, 'या वेळी कोणता प्रश्न पाठवायचा?' हा विषय ठेवा.

या महिन्यात एवढे करा

१. खासदाराच्या जिल्ह्यातल्या कार्यालयाचा पत्ता आणि प्रश्नांचे काम पाहणाऱ्या सहायकाचे नाव घ्या.
२. गावासाठी एकच प्रश्न निवडा आणि त्याचे मंत्रालय ठरवा.
३. हिशोबपट्ट्यांचा तक्ता करा. मूळ पट्ट्या स्वतःकडे ठेवा, प्रती द्या.
४. कागद दिल्याची तारीख घालून पोच घ्या.
५. अधिवेशन संपल्यावर प्रश्न लागला का, उत्तर काय आले, हे संसदेच्या संकेतस्थळावर पाहा आणि गावात वाचून दाखवा.

प्रश्न चिठ्ठीत निघाला नाही तर पुढच्या अधिवेशनाला पुन्हा द्या. दोन अधिवेशनांत खासदाराने एकही प्रश्न पाठवला नाही, तर ती पोच घेऊन कारण विचारायला जा.